एका खानावळीच्या दोन पाट्या आणि कपाटातली वही

खानावळीची नात

सोलापुरात मटणाच्या हॉटेलांवर ‘मूळ’, ‘जुने व प्रसिद्ध’, ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशा पाट्या असतात. बाहेरून येणाऱ्याला त्यांचं कौतुक वाटतं. आतल्या माणसाला ठाऊक असतं की अशा दोन पाट्यांमागे बऱ्याचदा एकच आडनाव आणि एकच न झालेली वाटणी असते. आमच्या घराच्याही अशा दोन पाट्या आहेत. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही या धाग्यावर लिहू नये ही विनंती.

आजोबांनी सुरू केली ती खानावळ होती, हॉटेल नव्हतं. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल इथले कामगार महिन्याच्या हिशेबाने जेवायचे आणि पगार झाला की चुकते करायचे. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की पंगत बसायची. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा कामगारांच्या जिवावर चालणाऱ्या खानावळींचे हाल झाले. आमची तगली, कारण आजोबांनी वेळीच टेबलं टाकली, फॅमिली रूम काढली आणि यंत्रमागवाल्यांकडे चादरी-टॉवेल बघायला येणारे व्यापारी धरून ठेवले. मोठे काका गल्ल्यावर बसले, माझे पप्पा भट्टीवर उभे राहिले. पैसा आला. विजापूर रोडला बंगला झाला, होटगी रोडला प्लॉट झाला.

भांडणाचं बी तिथेच पडलं. गल्ल्यावरच्याला वाटायचं धंदा मी चालवतो. भट्टीवरच्याला वाटायचं गिऱ्हाईक माझ्या हातच्या रश्श्याला येतं. दोघंही खरे होते. पण आजोबांनी दोघांना कधी एक महिनाही एकमेकांच्या जागी उभं केलं नाही. काकांना भट्टीची धग माहीत नाही आणि पप्पांना संध्याकाळी गल्ल्यात किती जमतं ते माहीत नाही. आजोबा असतानाच चुलतभावाने होटगी रोडला त्याच नावाने एसी रेस्टॉरंट काढलं. आजोबा गेले आणि वर्षश्राद्धाच्या आत पप्पा बाहेर पडले. आता त्यांचं पुणे नाक्याकडे आहे. दोन्हीकडे ‘मूळ’ लिहिलंय, दोन्हीकडे आजोबांचा तोच फोटो आहे.

मसाला मात्र आजीचा. ब्याडगी मिरची, धने, सुकं खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, शहाजिरं ही नावं कुणीही सांगेल. प्रमाण आणि भाजण्याचा क्रम घरातही कुणाला पुरता माहीत नाही. सामान कायम दोन दुकानांतून येतं, अर्धं मंगळवार पेठेतून आणि अर्धं मधल्या मारुतीजवळून, म्हणजे एका वाण्याला सगळी यादी कळत नाही. मोठी काकू खोबरं आणि दगडफूल तेलात परतून द्यायची, माझी आई मिरच्यांची देठं काढून उन्हात कडकडीत वाळवून द्यायची. आजी खोलीचं दार लावून सगळं एकत्र करते आणि शेवटची पुरचुंडी स्वतः घालते. मगच पोतं कांडपाला जातं आणि कांडप होईस्तोवर ती तिथेच स्टुलावर बसून राहते. पाट्या दोन झाल्या तरी मसाला आजही तिच्याच खोलीतून जातो, दोन्हीकडे सारखे डबे.

लोक या मसाल्याला आमच्या घराचं गुपित म्हणतात. घरातलं खरं गुपित वेगळंच आहे, आणि त्यासाठीच हा धागा काढलाय.

आजोबांच्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक वही निघाली. कच्ची वही. कर सल्लागाराकडे जाणारी वेगळी, ही वेगळी. पहिल्याच पानावर, आजीच्या पाटल्या आणि बोरमाळ मोडून आलेले पैसे भांडवल म्हणून जमा आहेत. खाली आजोबांच्या हातची ओळ आहे, ‘हिच्या नावे चार आणे हिस्सा’. नंतर झालेल्या भागीदारीच्या करारात आजीचं नाव कुठेच नाही. आजोबा आणि दोन मुलगे, तिघेच. पुढच्या पानांवर वस्तादांचं खातं आहे. वस्ताद म्हणजे आमचे आचारी, गुलबर्ग्याकडचे, आजोबांच्या उमेदीपासून आमच्या भट्टीवर. त्यांच्या पगारातले काही पैसे दर महिन्याला ‘जमा’ म्हणून ठेवून घेतले जात, मुलीच्या लग्नाला, घराला लागतील तेव्हा देऊ म्हणून. थोडे दिले, बरेच राहिले. प्रत्येक वर्षाच्या शेवटी शिल्लक काढून आजोबांनी सही केली आहे. वस्ताद आता थकलेत, दोन्ही हॉटेलांनी त्यांना ‘तिकडे विचारा’ म्हणून सांगितलंय.

काका आणि पप्पा एकमेकांच्या दारात जात नाहीत. घरातल्या लग्नाच्या पत्रिका पोस्टाने येतात. पण ही वही बाहेर काढायची नाही, यावर मध्यस्थामार्फत दोघांचं एका दिवसात जमलं. मला सर्वांत जास्त ते लागलं. पप्पा माझे आहेत म्हणून मी त्यांना यातून वगळणार नाही.

आत्याकडून आता हक्कसोडपत्रावर सही मागताहेत. आजी, वस्ताद आणि आत्या, या तिघांचं काय होऊ शकतं ते जाणकारांनी सांगावं.

बाळीवेस

कुठलं हॉटेल ते कळलं, लिहीत नाही. माझे वडील जुन्या मिलमध्ये होते. पगाराच्या रात्री तिथलं खारं मटण आणि कडक भाकरी घरी यायची. दोन्ही नव्या ठिकाणी जाऊन आलोय. रस्सा दोन्हीकडे तोच, पण भाकरी एकाही ठिकाणी मालदांडी ज्वारीची राहिली नाही. भांडणात आधी भाकरीच गेली. तुमची आजी मसाला सारखा वाटते हे वाचून मात्र फार बरं वाटलं.

चंद्रभागाकाठ

मी वकिली करतो. तुमची कागदपत्रं पाहिलेली नाहीत, त्यामुळे कायदा सांगतो, निकाल नाही.

भारतीय भागीदारी कायदा 1932 चा. करारात वेगळं काही नसेल तर एक भागीदार मेला की कलम 42 प्रमाणे फर्म विसर्जित होते, म्हणजे मोडते. करारात ‘उरलेले चालू ठेवतील’ असं असेल तर फर्म चालू राहते, पण गेलेल्या माणसाचा हिस्सा कुणाला फुकट मिळत नाही. हिशेब न मिटवता त्याच्या भांडवलावर धंदा चालू ठेवला, तर कलम 37 खाली वारसांना त्या भांडवलावरचा नफ्यातला वाटा किंवा 6 टक्के व्याज, यांतलं हवं ते मागता येतं. आणि नाव, म्हणजे गुडविल, हीसुद्धा फर्मची मालमत्ता आहे. फर्म विसर्जित झाली असेल तर हिशेब पुरता मिटेपर्यंत कोणताही भागीदार किंवा त्याचा वारस दुसऱ्याला फर्मच्या नावाने तसाच धंदा करण्यापासून रोखू शकतो, कलम 53. म्हणजे आज लागलेल्या दोन्ही पाट्यांना हरकत घेता येईल अशी माणसं तुमच्याच घरात आहेत, तुमची आजी आणि आत्या.

मुदतीकडे लक्ष द्या. विसर्जित फर्मच्या हिशेबाचा दावा विसर्जनापासून 3 वर्षांत करावा लागतो. घरचे लोक ‘दिवाळीनंतर बसू’ म्हणत म्हणत ही 3 वर्षं घालवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फर्मची नोंदणी झालेली आहे का?

खानावळीची नात

नोंदणी नाही. करार स्टँप पेपरवर आहे, एवढंच. काकांचे सल्लागार म्हणतात नोंदणी नसलेल्या फर्मचा भागीदार कोर्टात उभाच राहू शकत नाही.

चंद्रभागाकाठ

अर्धवट सांगतात. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून आलेला हक्क बाहेरच्या माणसाविरुद्ध कोर्टात मागता येत नाही हे खरं. पण विसर्जन आणि हिशेबाच्या दाव्याला मूळ कायद्यात मोकळीक आहे. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने ती बरीचशी काढून घेतली होती, सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. त्या दुरुस्तीतसुद्धा मयत भागीदाराच्या वारसांना वगळलेलं होतं.

नावाच्या बाबतीत हल्दीरामचं उदाहरण आहे. बिकानेरचं घर, त्यातल्या एका शाखेच्या वाट्याला पश्चिम बंगाल आला. पुढे 1991 मध्ये दिल्लीत त्याच नावाचं दुकान निघालं आणि घरातल्याच शाखा कोर्टात गेल्या. तिथेही फर्मच्या नोंदणीचा मुद्दा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं की आपल्या नावाची कुणी नक्कल करत असेल तर त्याविरुद्धचा दावा नोंदणी नाही म्हणून अडत नाही, कारण तो हक्क करारातून येत नाही.

माहेरवाशीण

हक्कसोडपत्राबद्दल मी बोलते, कारण माझ्यापुढेही तो कागद आला होता. राखीच्या दिवशी आणला होता, पेढ्यांच्या पुड्याबरोबर.

आत्यांना सांगा, सही करण्याआधी एवढंच विचारायचं, की मी नक्की काय सोडतेय त्याची यादी द्या. भागीदारीतला आजोबांचा हिस्सा त्यांनी स्वतः कमावलेला असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे आणि मुलगी यांना सारखा वाटा. तुमच्या घरात चौघं, म्हणजे प्रत्येकी चौथाई. वडिलोपार्जित जागा असेल तर 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही जन्माने सहदायक, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. लग्न कधी झालं याने फरक पडत नाही.

‘तुला लग्नात दिलंय की’ हे वाक्य येईलच. लग्नात दिलं म्हणून वारसा संपत नाही. भावांशी नातं टिकवायचं म्हणून कुणी सोडत असेल तर जरूर सोडावं, पण काय सोडलं ते माहीत असून सोडावं. नाहीतर ‘मला माहीत नव्हतं, कुणी सांगितलंच नाही’ म्हणत माणूस आयुष्यभर कुढत बसतो.

नवी पेठ

माफ करा, पण घरची उणीदुणी अशी चव्हाट्यावर मांडणं मला पटलं नाही. व्यापारात प्रत्येक घरात कच्ची वही असते. आजोबांनी एवढ्या कष्टाने नाव कमावलं, ते नातीने घालवू नये. मोठ्यांनी आपसात मिटवावं, पोरांनी मध्ये पडू नये.

खानावळीची नात

नवी पेठ, तुमचा मुद्दा समजला. पण मोठ्यांनी मिटवायचं म्हणजे कोणी? जे मोठे बसून मिटवतील त्या दोघांनाही ही वही मिटलेलीच हवी आहे. आजीला पाटल्यांचं कुणी विचारलं नाही. वस्तादांना तर बैठकीत खुर्चीच नाही.

आजोबांचं नाव मी घालवत नाही. प्रत्येक वर्षी शिल्लक काढून सही करणारा माणूस पैसे बुडवायच्या विचाराचा नव्हता. त्यांनी लिहून ठेवलं ते कुणीतरी वाचावं म्हणूनच.

भट्टी

मी तीस वर्षं ह्याच लाईनीत हाय. वस्ताद लोकांचं सांगतो. मालक लोक म्हणतेत आमचं गुपित, आमचं गुपित. मसाला मालकाचा आसंल, पर हंडा किती वेळ दमावर ठिवायचा, चरबी कवा सोडायची, मिठाचं पाणी कवा मारायचं, आळणी कवा काढायची, हे वस्तादाच्या हातात आसतंय. ते कुणी वहीत लिहिलेलं नसतंय. वस्ताद गेला की त्याच मसाल्यात रस्सा येगळा लागतंय.

आन पगार जमा ठिवायची पद्धत लई हॉटेलात होती. गडी पळून जाऊ नये म्हणून बी ठिवत आन त्याच्या पोरीच्या लग्नाला उपेगी यावं म्हणून बी ठिवत. चांगला मालक आसंल तर ती बँकच की. मालक मेला की पोरं म्हणतेत कागद दाखव. तुमच्यात कागद हाय. मंग देऊन टाका की, काय इचारायलाव?

सात रस्ता

भट्टी यांनी लाख बोललात.

गुपिताबद्दल थोडं. मी ट्रेडमार्कच्या कामात आहे. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा झालेला नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये 289 व्या अहवालात तसा कायदा सुचवला, मसुदाही दिला. आत्तापर्यंतचं संरक्षण करारातून आणि विश्वासभंगाच्या तत्त्वातून येतं. म्हणजे वस्ताद उद्या दुसऱ्याच्या भट्टीवर उभे राहिले तर त्यांना कुणी अडवू शकत नाही, कारण करार कायदा 1872 च्या कलम 27 प्रमाणे पोट भरण्यावर बंदी घालणारी अटच निरर्थक ठरते.

पाककृती कुणाची, हा वाद कोर्टात गेला की काय होतं ते दिल्लीत दिसतंय. मोतीमहल आणि दर्यागंज, एके काळच्या दोन सहकाऱ्यांच्या वारसांची ही दोन रेस्टॉरंटं. बटर चिकन आणि दाल मखनी नक्की कुणी शोधली यावर 2024 मध्ये मोतीमहलवाल्यांनी उच्च न्यायालयात दावा लावला. ज्यांनी हंडा ढवळला ती माणसं आज सांगायला नाहीत, आणि त्यांची नातवंडं फोटो आणि मुलाखती पुरावा म्हणून आणताहेत.

वाटणी नीट झालेलं घरही आहे. बंगळुरूचं एमटीआर, 1924 पासूनचं. हॉटेल एका शाखेकडे राहिलं, पाकिटातले मसाले आणि तयार पदार्थांची कंपनी दुसऱ्या शाखेकडे गेली. ती कंपनी 2007 मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्लाने घेतली, तरी हॉटेल घराकडेच आहे. हॉटेल एक धंदा आहे आणि मसाला दुसरा, हे त्यांना वेळेत उमगलं. तुमच्याकडे मसाल्याचा हक्क आजीच्या नावाने वेगळा काढता येईल. ट्रेडमार्कमध्येही उपाहारगृहाचा वर्ग 43 आणि मसाल्याचा वर्ग 30, असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. चुलतभावाने फर्मचं नाव स्वतःच्या नावे नोंदवलंय का, ते आधी ऑनलाइन शोधा. नोंदवलं असेल तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 राखून ठेवतं.

खानावळीची नात

शोधलं. अर्ज केलेला आहे, वर्ग 43 मध्ये, एकट्या चुलतभावाच्या नावे. पप्पांना हे मी दाखवलं तेव्हा ते म्हणाले, मी पण करणार होतो. वर्ग 30 मध्ये कुणाचाच अर्ज नाही. मसाल्याचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चंद्रभागाकाठ

मग तो अर्ज आजीच्या नावे करा. आणि आता वस्तादांचं. मागणी केल्यावर परत करायची ठेव असेल तर मुदतीचे 3 वर्षं मागणी केल्या दिवसापासून धरतात. त्यांनी तोंडी मागितलं असेल तर ते कधी, हे नीट विचारून ठेवा. नुसत्या वहीतल्या नोंदीवर कुणाला देणेकरी ठरवता येत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. मात्र मेलेल्या माणसाने स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध लिहिलेली नोंद पुराव्यात घेता येते, आणि इथे तर सही आहे. नुसतं वारस म्हणून हे देणं आजोबांच्या मिळकतीतून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतं येईल, खिशातून नाही; पण ते फर्मचं देणं ठरलं, तर भागीदार म्हणून काका आणि पप्पा स्वतःही जबाबदार ठरू शकतात. हे दोन्ही त्यांना सांगा.

आजीच्या दागिन्यांचं स्त्रीधन तिचंच. ते नवऱ्याच्या हाती दिलं म्हणून नवऱ्याचं होत नाही, 1985 च्या प्रतिभा राणी निकालापासून हे पक्कं आहे. चार आण्यांच्या ओळीवरून तिला भागीदार ठरवणं अवघड जाईल, पण तिची रक्कम आणि वारसा म्हणून चौथाई, हे दोन्ही ठामपणे मागता येईल.

माहेरवाशीण

आजींना स्वतःला काय हवंय ते कुणी विचारलं का?

खानावळीची नात

विचारलं. उशीर झाला उत्तर द्यायला, कारण मधल्या दिवसांत घरात बरंच घडलं.

मी वही घेऊन आजीकडे गेले. तिने पहिलं पान वाचलं आणि पालटलं. स्वतःच्या पाटल्यांवर ती थांबली नाही. वस्तादांच्या खात्यावर आली तिथे बोट ठेवून शेवटची शिल्लक दोनदा मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाली, याच्या बायकोने माझ्या बाळंतपणात भाकऱ्या थापल्यात.

आखाड तोंडावर आहे. गटारीपर्यंतच्या दिवसांत दोन्ही हॉटेलांचा जेवढा धंदा होतो तेवढा पुढे श्रावणभर होत नाही. मसाल्याचे डबे न्यायला काकांकडून माणूस आला, आमच्याकडून पप्पा स्वतः गेले. आजीने दोघांना तेच सांगितलं. वस्तादाचे पैसे आधी, डबे नंतर. काकांनी बाहेरून मसाला करून घेऊ म्हटलं. ती म्हणाली, करा.

दोघांनीही एकेक दिवस करून बघितला. होटगी रोडला गिऱ्हाइकाने रस्सा परत पाठवला असं चुलतभावानेच मला सांगितलं. आमच्याकडे पप्पांनी हंडा चाखला आणि गिऱ्हाइकापुढे जाऊच दिला नाही. काल रात्री काका आणि पप्पा आजीच्या खोलीत आले. बोलले थोडंच, पण वही मध्ये ठेवून बोलले. वस्तादांची पूर्ण शिल्लक निम्मी-निम्मी द्यायची ठरली. व्याजावर काका अडून बसले, ते अजून राहिलंय, आणि मी ते सोडणार नाही. पैसे रोख देऊन मोकळं व्हायचं म्हणताहेत. तसं चालेल का?

चंद्रभागाकाठ

रोख देऊ नका. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने परत करायला आयकर कायद्यात मनाई आहे. वस्तादांच्या खात्यावर दोघांनी आपापल्या खात्यातून भरावेत. पावतीत रक्कम अंकी आणि अक्षरी, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची जमा ते, आणि ‘व्याजाचा हक्क राखून’ हे शब्द असू द्या. ‘आता काही येणे बाकी नाही’ असं वाक्य कुणी घुसवत नाही ना, ते बघा. वस्तादांना कन्नड जास्त सोयीचं असेल तर तोच मजकूर कन्नडमध्येही लिहा. साक्षीदार घराबाहेरचे घ्या. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो आजच काढा आणि मूळ वही आजीपाशी राहू द्या.

खानावळीची नात

फोटो काढले. वही आजीच्या ट्रंकेत आहे. वस्तादांच्या मुलीला फोन केला, ती उद्या गुलबर्ग्याहून येते आहे, पावती तिच्यासमोर कन्नडमध्ये वाचून घेऊ. वर्ग 30 च्या अर्जावर आजीची सही झाली.

आत्याने हक्कसोडपत्र न सही करता परत पाठवलं, सोबत यादी मागणारं पत्र जोडून. काकांनी ते वाचून पप्पांना फोन केला. तिला काय उत्तर द्यायचं ते दोघं मिळून ठरवताहेत असं दिसतं. मी आत्याला हिशेबाच्या नोटिशीची तयारी करायला सांगितलंय, आजोबा गेल्याला अजून 3 वर्षं व्हायची आहेत.